तीनशे बारा पेट्यांतलं पत्र

बारशाच्या घुगऱ्यांचा डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून धोंडिराम मानेनं संगणक कक्षाचं कुलूप काढलं. थोरल्या लेकीला पहिली मुलगी झाली ते साल अठ्ठ्याण्णव. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता आणि बारसं कालच, मंगळवारी झालं होतं. लेकीच्या सासरची माणसं लोणंदहून गाडीनं सांगलीला यायची होती, म्हणून दुपारी दोन वाजता अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी गेला होता. आज पोरांना मूठमूठ घुगऱ्या वाटायच्या, असं बाळाबाईनं, त्याच्या बायकोनं, निघताना दोनदा बजावलं होतं.

पोरं जिन्यावर घोळक्यानं उभी होती. मधे एकाच्या हातात छापील कागद होता. डबा उघडला तरी कुणी पुढं आलं नाही.

"काय रं, मला नात झाली म्हणून तुमची तोंडं पडली व्हय?" धोंडिराम म्हणाला.

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. मग वरद पुढं झाला. वरद शेवटच्या वर्षाला होता, साताऱ्याचा. हुशार, बोलका. काल दुपारी खोलीची किल्ली धोंडिरामनं त्याच्याच हाती सोपवली होती.

"मामा, नाव काय ठेवलं?"

"भार्गवी. याह्यांनी पुस्तकातनं काढलंय. आमचं कुटुंब म्हणतंय, जीभच वळंना, मी आपली ठकीच म्हणणार."

वरदनं मूठभर घुगऱ्या तोंडात टाकल्या. "झकास आहेत," तो म्हणाला, पण धोंडिरामकडं न बघता.

तेवढ्यात माया जिना चढून आली. माया कांबळे, तिसऱ्या वर्षाची. रोज माधवनगरहून यायची. ती दिसताच घोळका दोन बाजूंना झाला. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "रविवारी आम्हीपण येऊ का?" मायाला काही कळलं नाही. तिनं रोजच्यासारख्या दाराबाहेरच्या फळीवर चपला काढल्या, आत जाऊन मशीन लावलं आणि आपली टपालपेटी उघडली. मग ती बराच वेळ हलली नाही. उठली तेव्हा खुर्ची मागं पडली. ती तशीच बाहेर आली आणि अनवाणी जिना उतरून गेली.

धोंडिरामनं खुर्ची उचलली. पडद्यावर काय होतं ते त्याला सगळं लागलं नाही. मराठीच होतं, पण इंग्रजी अक्षरांत. खाली मायाचं नाव होतं, एवढं त्यानं वाचलं.

कॉलेजातली चाळीस मशीनं एका मोठ्या मशीनला जोडलेली होती. त्या जुलैपासून प्रत्येक विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला त्यावर एकेक टपालपेटी मिळाली होती. अशा तीनशे बारा पेट्या होत्या. मंगळवारी दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी मायाच्या पेटीतून सगळ्या तीनशे बारा पेट्यांत एकच पत्र गेलं होतं. माझे प्रॅक्टिकलचे मार्क कसे वाढले ते बघायचं असेल तर रविवारी सरांच्या खोलीवर या, असं त्यात लिहिलं होतं. सरांचंही नाव होतं. ते सर तरुण होते, एकटे राहत होते. बुधवारी दुपारनंतर ते रजेवर गेले.

संध्याकाळी धोंडिरामनं मायाच्या चपला फळीवरून काढून आपल्या टेबलाखाली ठेवल्या. कुणाचा पाय लागू नये म्हणून.

*

गुरुवारी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. चहाचा ट्रे घेऊन धोंडिराम आत गेला तेव्हा माया टेबलासमोर उभी होती. बाजूला संगणक विभागाच्या प्रमुख ज्ञानदा मॅडम कागद चाळत होत्या.

"पासवर्ड तुझा," प्राचार्य म्हणत होते. "त्याच्याशिवाय पेटी उघडत नाही, हे मॅडमच सांगताहेत. मग पत्र कुणी पाठवलं? भुतानं?"

"मी तेव्हा घरी निघाले होते, सर."

"तुला बघितलं कुणी?"

"एसटीत होते. ओळखीचं कुणी नव्हतं."

"मग पासवर्ड कुणाला सांगितला होतास?"

मायानं मान वर केली. तिची नजर कप ठेवणाऱ्या हातांवर गेली. काळपट, रुंद नखांचे ते हात तिनं क्षणभर पाहिले.

"कुठल्याही मुलाला सांगितला नाही," ती म्हणाली.

धोंडिरामनं शेवटचा कप ठेवला आणि ट्रे काखेत धरला.

निर्णय तूर्तापुरता झाला. मायाची पेटी बंद. चौकशी पुरी होईतो तिनं संगणक कक्षात यायचं नाही. शनिवारी वडिलांना घेऊन यायचं. आणि खबरदारी म्हणून यापुढं सगळ्याच मुलींना कक्ष दुपारी बारापर्यंतच.

"सर, पत्र कुणी पाठवलं ते अजून कळलेलं नाही," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या. "आणि शिक्षा आधीच?"

"शिक्षा नाही हो, काळजी," प्राचार्य म्हणाले आणि कप उचलला.

*

संध्याकाळी संगणक कक्षातून सगळे गेल्यावर धोंडिरामनं आपल्या टेबलाचा खण ओढला. खणाला कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं. आत लाल पुठ्ठ्याची वही होती.

तो पन्नाशीला पोचला त्या वर्षी गावात साक्षरता वर्ग निघाला होता. तिथं कंदिलाऐवजी ट्यूबलाइट होती आणि शिकवायला शेजारच्या घरची नववीतली पोर. तिच्या छडीला न घाबरता तो मराठी लिहायला शिकला. इंग्रजी अक्षरं मात्र त्याला कुणी शिकवली नाहीत. रोज सकाळी चाळीस मशीनांच्या कळा फडक्यानं पुसता पुसता ती तो आपोआप शिकला. म्हणून त्याची इंग्रजी मुळाक्षरं एपासून सुरू होत नसत, क्यूपासून होत.

जुलैत पेट्या मिळाल्या तशी पोरं पासवर्ड विसरायला लागली. दर वेळी मॅडमकडं जायचं, मॅडम रागावायच्या. एकदा दोघा पोरांनी म्हटलं, मामा, तुम्ही लिहून ठेवा ना. त्यानं लिहून ठेवलं. मग तो स्वतःच एकेकाला विचारायला लागला. नवी पोरं तर समजायची की नियमच आहे. दीडशे नावं, पुढं दीडशे शब्द. एकही खाडाखोड नाही. वरदनं एकदा वही बघून म्हटलं होतं, "मामा, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे." त्या दिवशी धोंडिराम घरी जाताना सायकल हातात धरून चालत गेला होता, एवढा तो खुशीत होता.

नव्वदावं नाव मायाचं होतं. त्यानं वही मिटली. मंगळवारी किल्ली वरदकडं होती. खण उघडा होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या मागं, हात धुवायच्या नळापाशी त्यानं वरदला गाठलं.

"तू लिवलंस का रं ते?"

वरदनं हात झटकले. "काय मामा?"

"मला फसवू नगंस. किल्ली तुज्याकडं हुती."

वरद हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर बसेना. "गंमत होती हो. आम्ही तिघं बसलो होतो. खरंच पाठवायचं नव्हतं. एक कळ दाबली की गेलं. आठ दिवसांत विसरतील सगळे."

"ती इसरंल?"

नळ गळत होता. वरदनं तो उगाच घट्ट केला.

"तिचा बा उद्या येतोय," धोंडिराम म्हणाला. "दाखला काढून नेणार म्हणत्यात. तू सरांना सांग. मी संगं येतो."

"मामा, वही तुमची होती." वरदचा आवाज खाली आला. "मी सांगितलं तर पहिला प्रश्न तोच येईल, पासवर्ड मिळाला कुठून? माझं वर्ष जाईल. तुमचं काय जाईल? निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या."

"तेबी खरंच हाय," धोंडिराम म्हणाला. त्यानं ते कुचेष्टेनं म्हटलं नाही.

*

दुपारी माया चपला न्यायला आली. कक्षात यायची मनाई म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. धोंडिरामनं चपला आणून तिच्यासमोर ठेवल्या. ती वाकायच्या आधी त्यानं विचारलं, "काल वहीचं नाव का घेतलं न्हाईस?"

मायानं एक पाय चपलेत घातला. "घेतलं असतं तर काय झालं असतं, मामा?"

"खरं कळलं असतं."

"नाही. शिपायानं घोळ केला, एवढंच कळलं असतं. तुम्हाला काढलं असतं आणि फाईल बंद. पाठवणारा राहिला असता तसाच." तिनं दुसरा पाय घातला. "माझ्या बापाला, आण्णांना, गिरणीतनं असंच काढलं होतं. साहेबाची चूक, मुकादम घरी."

"आन् तुजं?"

"माझं काय. आण्णा म्हणतात दाखला काढू. मावशीकडं राहायचं, बी.ए. करायचं." तिला हसायचं होतं. "बी.ए.ला पासवर्ड लागत नाही म्हणे."

ती निघून गेल्यावर धोंडिराम उंबऱ्यात उभाच राहिला. आत दोन मुलं खेळाची फ्लॉपी अडकली म्हणून ओरडत होती, ते त्याला ऐकू गेलं नाही.

घरी लेक बाळाला पाजत होती. बाळाबाई शेगडीपाशी. त्यानं सगळं सांगितलं. बाळाबाईनं निखारे सारखे केले.

"वही तुमची?"

"व्हय."

"आन् लिवायला कुणी सांगितलं हुतं?"

"कुणी न्हाई."

"मंग बरं झालं," बाळाबाई म्हणाली. "दुसऱ्याचं नाव घ्यायची भानगडच न्हाई. तुमचं तुमी सांगा आन् मोकळं व्हा. नोकरी गेली तर म्हस घिऊ."

"म्हशीला तू धार काढणार व्हय?"

"तुमी काढा. अक्षर लय चांगलं हाय म्हणं तुमचं, धारबी चांगली काढाल."

लेक हसली. बाळ दचकलं.

*

शनिवारी सकाळी नऊला धोंडिराम ज्ञानदा मॅडमच्या टेबलासमोर लाल वही घेऊन उभा राहिला. मॅडमनी पहिलं पान उघडलं, मग मधलं, मग शेवटचं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मामा, हे कधीपासून?"

"जुलैपासनं."

"आणि हे खणात? उघड्या?"

"व्हय, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "चूक माझीसुद्धा आहे. मी मशीनं बघितली. माणसं पासवर्डचं काय करतात ते बघितलंच नाही." मग त्यांनी कोरा कागद ओढला. "जबाब द्यावा लागेल. तुम्ही सांगा, मी लिहिते. तुम्ही सही करा. जरा नीट शब्दांत मांडू, म्हणजे तुमच्या नोकरीला..."

"मी लिवतो," धोंडिराम म्हणाला.

त्याला तास लागला. आयुष्यात एवढं सलग त्यानं कधी लिहिलं नव्हतं.

अकराला प्राचार्यांच्या खोलीत माया होती आणि तिचे वडील अर्जुना कांबळे. उंच, वाकलेला माणूस. गिरणीतून काढल्यापासून तो माधवनगरात दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करी. खिशात घडी केलेला अर्ज होता, तो दाखल्यासाठी. कुणी काही बोलायच्या आत त्यानं तो टेबलावर ठेवला.

"आवं साहेब, माजं काय म्हणणं न्हाई. पोरगी अशी न्हाई ते मला ठावं हाय. पर कागद आमच्या आळीत पोचला. मागावर पोरं वाचून दाखवत्यात. लोकांच्या तोंडाला हात लावता येत न्हाई. माजी पोर मला द्या."

प्राचार्यांनी अर्जाला हात लावला. तेव्हा ज्ञानदा मॅडम म्हणाल्या, "सर, आधी हा जबाब ऐका," आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

जबाब असा होता: मी धोंडिराम माने, शिपाई, संगणक कक्ष. मुलांचे पासवर्ड मी वहीत लिहिले. मला कोणी सांगितले नव्हते. मला लिहायची हौस म्हणून लिहिले. वही उघड्या खणात ठेवली, ही माझी चूक. मायाने मला पासवर्ड दिला कारण मी मागितला. ती हे बोलली नाही ते माझ्यासाठी. मंगळवारी मी घरी गेलो तेव्हा नियम मोडून किल्ली वरदकडे दिली, ही दुसरी चूक. पुढचे वरद सांगेल.

एवढंच. खाली पूर्ण नाव.

वरदला बोलावलं. तो आत आला, टेबलावरची लाल वही त्यानं पाहिली. मॅडमनी जबाबाचा कागद त्याच्यापुढं सरकवला. तो उभ्यानंच वाचत गेला आणि शेवटच्या ओळीपाशी थांबला. धोंडिराम त्याच्याकडं बघत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता, जसा कुणाला कपडे बदलायला वेळ द्यावा तसा.

"मीच, सर," वरद म्हणाला. "बाकीचे दोघं नुसते बसले होते. लिहिलं मी."

अर्जुना कांबळे उठला. त्याच्या मुठी आवळल्या होत्या. मायानं त्याच्या मनगटाला हात लावला. तो उभाच राहिला, पण पुढं गेला नाही.

प्राचार्यांनी पुढचं भराभर सांगितलं. वरदला या सहामाहीच्या परीक्षेला बसता येणार नाही. वसतिगृह सोडायचं. धोंडिरामला लेखी ताकीद, तीन महिने ग्रंथालयात बदली. सरांना परत बोलावतो. मायावर ठपका नाही, तशी नोटीस सोमवारी लावू. मुलींची बाराची वेळ मात्र राहू द्यावी, पुन्हा असं नको.

"झालं ना, बाळ, समाधान?" ते म्हणाले.

मायानं वडिलांच्या मनगटावरचा हात काढला. मग म्हणाली, "नाही, सर."

"आता काय?"

"ते पत्र तीनशे बारा जणांना गेलं. नोटीस काचेच्या आत लागणार. कोण थांबून वाचतंय? ज्या पेट्यांत ते गेलं, त्याच पेट्यांत खरं जाऊ दे. यानं लिहायचं, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पेटीतनं." ती वरदकडं वळली नाही. "आणि पत्र मुलानं लिहिलं, सर. दार मुलींना का बंद?"



"असं कधी केलेलं नाही आपण," प्राचार्य म्हणाले.

"असं पत्रही कधी गेलं नव्हतं," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या. "मला मायाचं पटतं."

प्राचार्यांनी अर्जुनाकडं पाहिलं. बापानं पोरीला गप्प करावं, असं काहीसं त्यांच्या नजरेत होतं. अर्जुना पोरीकडं बघत होता. त्यानं ती एवढं बोललेली कधी ऐकली नसावी.

"आवं, मी गिरणीत हुतो," तो सावकाश म्हणाला. "धागा जिथं तुटतो तिथंच गाठ मारावी लागती, साहेब. दुसरीकडं मारून उपेग न्हाई." मग टेबलावरच्या अर्जाकडं बोट केलं. "पत्र जाऊ द्या. मंग त्याचं बघू."

*

प्राचार्यांनी होकार दिला आणि बाकीचे पाच जण संगणक कक्षापर्यंत चालत गेले. फळीपाशी सगळ्यांनी पायताणं काढली. अर्जुनानं आपल्या कोल्हापुरी वहाणा अगदी टोकाला, बाकीच्यांपासून लांब ठेवल्या. धोंडिरामनं त्या उचलून मधे ठेवल्या.

वरद मशीनसमोर बसला. पहिल्यांदा त्यानं 'झालेल्या प्रकाराबद्दल' असं लिहिलं. मायानं मागून म्हटलं, "प्रकार नाही." त्यानं ते खोडलं. मग चार ओळी लिहिल्या. मंगळवारचं पत्र मी, वरद, मायाचा पासवर्ड चोरून लिहिलं. त्यातलं सगळं खोटं आहे. मायाची आणि सरांची मी बदनामी केली. मला तिची माफी मागायची आहे, ती तिनं द्यावी असा हट्ट नाही. शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

अर्जुना वाकून मशीनकडं बघत होता.

"हे चालू हाय?" त्यानं धोंडिरामला विचारलं.

"हाय की."

"आवाजच न्हाई." त्यानं मान हलवली. "आमचा माग चालला की शेजारच्याला ओरडून सांगाय लागतं. हितं गुपचूप तीनशे घरांत जातंय."

"तेच तर भ्या हाय, पावणं."

वरदनं कळ दाबली. पडद्यावर एक ओळ आली, दुसरी आली, आणि मग काहीच नाही.

"गेलं?" अर्जुना म्हणाला.

"गेलं," माया म्हणाली.

खोलीत तेव्हा दहा-बारा मुलं होती. एकेकाच्या पडद्यावर नवं पत्र आल्याची खूण उठली. कोपऱ्यातला एक जण वाचायला लागला, त्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं. कुणी मागं वळून पाहिलं नाही, पण सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. बाहेर पडताना एक मुलगी मायाजवळ थांबली, मायाची खांद्यावरून सरकलेली ओढणी सारखी केली आणि गेली.

अर्जुना परत प्राचार्यांच्या खोलीत एकटाच, अनवाणी गेला. तो पाच मिनिटांनी बाहेर आला. माया जिन्यापाशी उभी होती.

"दाखला मिळाला?" तिनं विचारलं.

"मागितलाच न्हाई. अर्ज परत आणला." त्यानं खिसा चाचपला. "पाठकोरा हाय. हिशेबाला हुईल. चल, सव्वाची गाडी चुकंल."

"आण्णा, मला अजून तास आहेत."

तो थांबला. मग म्हणाला, "मंग ये संध्याकाळी," आणि वहाणा शोधायला वळला.

*

सोमवारी सगळ्या तीनशे बारा जणांनी नवे पासवर्ड लावले. ज्ञानदा मॅडमनी धोंडिरामची बदली आठ दिवस पुढं ढकलून घेतली होती, खास त्यासाठी. एकेक जण मशीनसमोर बसला की धोंडिराम भिंतीकडं तोंड करून उभा राही आणि म्हणे, "मला सांगू नगंस. मैतराला न्हाई, घरच्याला न्हाई, मलाबी न्हाई." संध्याकाळपर्यंत त्याची मान आखडली. लाल वही मॅडमनी त्याच्या देखत फाडली. तो बघत राहिला. शेवटची पानं त्यानं स्वतःच्या हातानं फाडली.

मुलींची बाराची वेळ जानेवारीत उठली. तीन महिन्यांनी धोंडिराम परत आला. वरदनं सहामाही गमावली, ती उन्हाळ्यात पुरी करून तो साताऱ्याला गेला. जाण्याआधी कक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. धोंडिरामनं त्याला आत बोलावलं आणि पाणी दिलं. त्या दिवशीचं दोघांनी काही काढलं नाही.

नव्व्याण्णवच्या जुलैत नवी मुलं आली. मॅडमनी त्यांना पेट्या द्यायच्या दिवशी अर्धा तास समजावून सांगितलं: पासवर्ड कसा ठेवावा, कुणाच्या नावानं काही आलं तर पुढं पाठवू नये, लगेच येऊन सांगावं, सांगणाऱ्याला कुणी दोष देणार नाही. मुलं जांभया देत होती. मग धोंडिराम पुढं झाला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"पोरांनो, मी शिपाई. गेल्या साली मी तुमच्यागत पोरांचे पासवर्ड वहीत लिवून ठिवले. हौसेपायी. त्यापायी एका पोरीचं नाव मातीत जात हुतं. चूक माजी हुती."

जांभया थांबल्या. मागच्या बाकावर माया बसली होती. ती आता शेवटच्या वर्षाला होती, मॅडमना मदत करायची. तिनं मान खाली घातली. त्या डिसेंबरनंतर ती त्याविषयी कुणाशीच बोलली नव्हती. मैत्रिणींशीही नाही. कुणी विषय काढलाच तर उठून जायची.

"ती मुलगी आता कुठं असते, मामा?" एकानं विचारलं.

"आपल्या कामात असती," धोंडिराम म्हणाला. "आन् तू आपल्या कामात ऱ्हा."

सप्टेंबरात डिप्लोमा करून आलेली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला आली. चोवीस जण. त्यांनाही पेट्या द्यायच्या होत्या. मॅडमनी समजावून सांगितलं. मुलं जांभया द्यायला लागली. मॅडम थांबल्या, सवयीनं दाराकडं बघितलं, आणि पुन्हा कागदांत बघायला लागल्या.

माया मागच्या बाकावरून उठून पुढं आली.

"इथं एक शिपाई मामा होते," ती म्हणाली. "त्यांनी मुलांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवले होते. त्यांना लिहायची हौस होती. ती वही एकाच्या हाताला लागली आणि एका मुलीच्या नावानं सगळ्या कॉलेजला घाण पत्र गेलं. चूक माझी आहे, असं मामांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. वयाच्या पन्नाशीत शिकलेल्या अक्षरात." ती थांबली. "तुम्ही काय लिहिताय, कुणाच्या नावानं लिहिताय, ते बघून लिहा."

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मग त्या मुलीनं कॉलेज सोडलं का?"

माया टेबलाला टेकली. तिच्या हातात त्या दिवशीच्या नावांची यादी होती.

"नाही," ती म्हणाली. "ती मीच. चला, तुझ्यापासून सुरू करू. बस मशीनवर." आणि ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

धोंडिराम मारुती माने शनिवारी, एकवीस ऑगस्ट एकोणीसशे नव्व्याण्णव रोजी, सकाळी कामावर निघताना छातीत कळ येऊन घरीच वारला. निवृत्तीला सहा महिने राहिले होते.